‘टेन्शन घेऊ नका’ एवढेच लिहू नका

ऑक्टोबर जवळ आला की महाविद्यालयांत पोस्टरची लगबग सुरू होते. १० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. त्यानिमित्त राष्ट्रीय सेवा योजनेत, नर्सिंगला, समाजकार्याला, चित्रकलेच्या वर्गात ‘ताणतणाव’ हा विषय दिला जातो. चार-पाच मुलांचा गट, आठ दिवसांची मुदत आणि एक ड्रॉइंग शीट. मुदत संपल्यावर भिंतीवर जी पोस्टर लागतात, त्यांतल्या बऱ्याच पोस्टरवर एकच चित्र असते. डोके दोन्ही हातांत धरून बसलेला माणूस, त्याच्यावर काळा ढग आणि खाली ठळक अक्षरांत ‘टेन्शन घेऊ नका, आनंदी राहा’.

ज्याला खरोखर ताण आहे, तो ही ओळ वाचतो आणि पुढे निघून जातो. ताण त्याने हौसेने घेतलेला नसतो, तो त्याच्यावर आलेला असतो. ‘घेऊ नका’ म्हटल्याने जाणार असता तर केव्हाच गेला असता.

यवतमाळ जिल्ह्यातल्या भिंतीवर तर ही ओळ फारच पोकळ वाटते. कापूस, सोयाबीन आणि तुरीचा हा जिल्हा. पाऊस लांबला की दुबार पेरणी, अळी आली की पुन्हा फवारणी, भाव पडला की पुन्हा कर्ज. २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसेक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. त्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने पाठीवर पंप घेणारेही होते. आपल्या समाजातली किती तरी घरे अशीच मजुरीवर चालतात. त्या घरातली मुलगी किंवा मुलगा पुसद, वणी, उमरखेड, दारव्हा किंवा यवतमाळच्या कॉलेजात येतो. पहिल्यांदाच कोणीतरी एवढे शिकते आहे, म्हणून साऱ्या घराची आशा त्याच्यावर असते. शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, खोलीचे भाडे थांबत नाही, भरतीची जाहिरात निघत नाही. आणि आडनाव कळल्यावर समोरच्याची नजर बदलते, तेही निमूटपणे सोसावे लागते. या मुलांच्या हाती ‘ताणतणाव’ हा विषय येतो, तेव्हा तो केवळ गुणांसाठी करायचा प्रकल्प उरत नाही. तो त्यांच्याच घरचा विषय असतो.

पोस्टर हे औषध नव्हे. पण ते औषधापर्यंत नेणारी पाटी होऊ शकते. आणि चौघांनी एकत्र बसून ते करताना जे बोलणे होते, ते अनेकदा ताणावरचा पहिला उपाय ठरते. म्हणून यंदा हा प्रकल्प नीट कसा करावा, याचा विचार आरोग्याच्या या पानावर करू.

पहिला प्रकल्प १८५५ चा

विद्यार्थ्याने आपल्या लोकांचे दुःख चारचौघांपुढे मांडणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ‘दुःख करू नका’ असे तिने लिहिले नाही. दुःख कोठून येते, ते तिने लिहिले. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक काढले, त्याचे नावच ‘मूकनायक’ होते. ज्यांना बोलता येत नव्हते त्यांचे बोलणे छापणे, हे त्या पत्राचे काम होते. पुढे भीमराव कर्डकांसारख्या कलावंतांनी जलशांतून तेच काम गावोगाव नेले. ताणावरचे आपले पोस्टर याच वाटेवरचे असावे.

आधी ताण ओळखा

चित्राला हात घालण्याआधी गटातल्या प्रत्येकाला विषय कळला पाहिजे. समोर साप दिसला की मेंदू शरीराला इशारा देतो. ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके रक्तात उतरतात. छाती धडधडते, श्वास जलद होतो, स्नायू आवळतात. ही व्यवस्था जीव वाचवण्यासाठी आहे. साप निघून गेला की शरीर पुन्हा शांत होते. परीक्षेच्या आदल्या रात्री होणारी थोडी धडधडही याच जातीची. ती आजार नाही, उलट अभ्यासाला बसवते.

अडचण होते ती साप घरातच राहायला आला की. कर्जाचा तगादा, फीची तारीख, रोजचा अपमान, घरातली मारहाण, नवऱ्याची दारू, यांतला धोका संध्याकाळी निघून जात नाही. मग शरीरही शांत होत नाही. झोप उडते, डोके आणि मान दुखते, आम्लपित्त वाढते, बारीकसारीक गोष्टींवर चिडचिड होते, वाचलेले लक्षात राहत नाही. ज्यांना रक्तदाब किंवा मधुमेह आहे, त्यांचा आजार आटोक्यात राहत नाही. घरातली वडीलधारी माणसे ‘अंग दुखते’ म्हणून दवाखान्यात जातात, गोळी घेऊन येतात. मनातले मात्र कोणी विचारत नाही.

ताण आणि नैराश्य यांतला फरकही गटाला माहीत हवा. मन उदास राहणे किंवा कशातच रस न वाटणे, त्याबरोबर झोप-भूक बिघडणे, थकवा, आपण नालायक आहोत असे वाटणे, लक्ष न लागणे, जगू नये असे विचार येणे, यांतल्या काही गोष्टी दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज होत असतील, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. ही ‘दोन आठवड्यां’ची खूण सोपी आहे आणि पोस्टरवर सहज मावते. जगू नये असे वाटत असेल, तर मात्र दोन आठवडेही थांबायचे नाही. त्याच दिवशी मदत घ्यायची.

दोन बाण

संयुत्त निकायात तथागतांनी दिलेला एक दृष्टांत या विषयाला फार जवळचा आहे. एखाद्याला बाण लागला तर वेदना होणारच. पण त्याच ठिकाणी लगेच दुसरा बाण लागला तर? दुःखाने खचून जाणारा, विलाप करणारा माणूस असे दोन बाण सोसतो. एक अंगावरचा, दुसरा मनावरचा. शिकलेला श्रावक पहिला बाण सोसतो, दुसरा लागू देत नाही.

हा दृष्टांत पोस्टरसाठी वापरण्याजोगा आहे, पण एक काळजी घ्यायला हवी. त्याचा अर्थ ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असा काढणे म्हणजे बुद्धांना आणि बाबासाहेबांना चुकीचे वाचणे होय. पहिला बाण खराच असतो. नापिकी खरी आहे, रखडलेली शिष्यवृत्ती खरी आहे, जातीवरून मारलेला टोमणा खरा आहे. बाबासाहेबांनी दुःखाला मागच्या जन्माचे फळ मानले नाही. माणूस माणसाला देत असलेल्या दुःखाकडे त्यांनी बोट दाखवले. पहिला बाण काढायला अर्ज, संघटना, कायदा आणि संघर्ष लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये समतेविषयीचे नियम काढले, त्यांत उच्च शिक्षण संस्थांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असण्याची तरतूद केली. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादमध्ये रोहित वेमुला गेला, २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. त्यांच्या मातांनी न्यायालयात मागितले ते हेच, की असे नियम कागदावर राहू नयेत.

दुसरा बाण म्हणजे ‘माझ्यातच खोट आहे’, ‘कोणाला सांगू नये’, ‘लोक हसतील’ ही लाज आणि हे एकटेपण. तो मात्र बोलण्याने, सोबतीने आणि उपचाराने निघू शकतो. चांगले पोस्टर दोन्ही बाण दाखवते. पहिला बाण लपवणारे पोस्टर खोटे ठरते. दुसऱ्यावर उपाय न सांगणारे पोस्टर अर्धवट राहते.

चौघांचे काम, चौघांचा आवाज

आता एक गट डोळ्यांसमोर आणू. उदाहरणादाखल, चौघांचा. एक मुलगा चित्र छान काढतो, इंटरमिजिएट परीक्षेत त्याला चांगली श्रेणी मिळाली आहे. एक मुलगी नर्सिंगला आहे. एक जण फ्लेक्सच्या दुकानात संध्याकाळी काम करतो, त्याला संगणकावर मांडणी येते. चौथी फारशी बोलत नाही.

बहुतेक गटांत पुढे काय होते, ते सर्वांना ठाऊक आहे. ज्याला चित्र येते तो सगळे करतो, मुली वही भरतात, एक जण फक्त नाव लिहायला येतो आणि शेवटच्या रात्री भांडण होते. ताणावरचा प्रकल्पच ताण देऊन जातो. त्यात गट पाडताना ‘आपल्यातले’ कोण, हे पाहिले गेले असेल तर मनाला वेगळीच जखम होते.

यावर मज्झिम निकायात एक सुंदर चित्र आहे. अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तीन भिक्खू एकत्र राहत. दूध आणि पाणी मिसळावे तसे ते राहत. भिक्षेहून जो आधी परतेल तो आसने मांडून ठेवी, पाणी भरून ठेवी. जो शेवटी येई तो जागा झाडून काढी. घडा रिकामा दिसला तर ज्याला दिसला तो भरी, एकट्याला जड झाला तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावी. प्रत्येक जण मनाशी म्हणे, मी माझाच हट्ट बाजूला ठेवून यांच्या मनाप्रमाणे का वागू नये? गटकामाचे याहून सोपे नियम शोधून सापडणार नाहीत. निर्णय कसे घ्यायचे, तेही आपल्या परंपरेत आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी आठवण करून दिली होती, की बौद्ध भिक्खू संघाला ठराव, गणसंख्या आणि गुप्त मतदान यांचे नियम माहीत होते.

म्हणून गटाने पहिल्या दिवशी चित्र काढायचेच नाही. आधी तासभर बसायचे. सुरुवातीला दोन मिनिटे श्वासाकडे लक्ष द्यायचे, श्वास आत जातो आहे, बाहेर येतो आहे, एवढेच. मग प्रत्येकाने तीन-तीन मिनिटे बोलायचे, मध्ये कोणी तोडायचे नाही. प्रश्न एकच: तुझ्या घरी ताण कसा दिसतो? ज्याला बोलायचे नसेल त्याने ‘पुढे’ म्हणायचे, त्याला कारण विचारायचे नाही. इथे बोललेले बाहेर न्यायचे नाही, हे आधीच ठरवायचे.

चौथी, न बोलणारी मुलगी कदाचित याच वेळी म्हणेल, “बाबा चार दिवसांपासून कोनासंगच बोलून नाही राहिले. जेवतात अन् वावरात जाऊन बसतात.” त्या क्षणी प्रकल्प बाजूला ठेवावा लागतो. तिला ‘अगं, होतं असं’ म्हणून गप्प करायचे नाही, लगेच उपदेशही करायचा नाही. आधी ऐकायचे. मग नर्सिंगच्या मुलीने एवढेच विचारावे, “तुमच्या गावच्या आशाताईंशी बोललीस का? आपण दोघी जाऊ.” पोस्टर अजून कोरे आहे, पण त्याचे अर्धे काम तिथेच झाले.

शब्द घरचे हवेत

दुसऱ्या दिवशी शब्द गोळा करायचे. आपल्या वऱ्हाडी बोलीत ताणाला किती नावे आहेत पाहा. डोक्शात इचार येते. झोपच लागत नाही. जीव घाबरते. कशातच मन लागत नाही. आजी-आजोबा ‘डिप्रेशन’ म्हणणार नाहीत, पण यांतले एखादे वाक्य नक्की म्हणतील. पोस्टरच्या माथ्यावर तेच वाक्य हवे. वाचणाऱ्याला वाटले पाहिजे, ‘हे तर माझेच बोलणे!’

हे जगात इतरत्रही दिसले आहे. आफ्रिकेतल्या झिम्बाब्वे देशात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून दवाखान्याच्या आवारात लाकडी बाके मांडली आणि त्यांवर गावातल्या आज्यांना प्रशिक्षण देऊन बसवले. त्या आज्या ‘नैराश्य’ असा शब्द वापरत नाहीत. त्यांच्या शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ म्हणजे ‘फार विचार करणे’ असा शब्द आहे, त्यावर त्या बोलतात. आपल्या ‘डोक्शात इचार येते’चीच ती बहीण! बाकावर येऊन बोलणाऱ्यांचा त्रास कमी झाल्याचे पुढे शास्त्रीय अभ्यासातही दिसले.

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ नावाचा उपक्रम ३० गावांत झाला. त्यात गावातल्याच माणसांना शिकवून छोट्या बैठका घेतल्या गेल्या, समुपदेशक नेमले, गरजेप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञ आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण आधी सुमारे ४ टक्के होते, दीड वर्षाने ते सुमारे २७ टक्के झाले. आजार तोच, माणसे तीच. त्याविषयी गावात बोलले जाऊ लागले आणि मदत जवळ आली, एवढा फरक पडला.

अक्षरांचेही थोडे. लांबून वाचता येईल असे मोठे, सरळ अक्षर घ्या. नक्षीदार वळणात जोडाक्षरे हरवतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात आणि स्वच्छ दिसतात. एका पोस्टरवर वीस-पंचवीस शब्द पुरेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही चित्रावरून अर्थ लागला पाहिजे.

काय काढायचे, काय नाही

काही गोष्टी अजिबात काढायच्या नाहीत. फास, विषाची बाटली, विहीर, रेल्वेचे रूळ, यांपैकी एकही नाही. ‘जागृतीसाठी’ म्हणूनही नाही. आधीच खचलेल्या माणसाला असे चित्र वाट दाखवते, धोका वाढवते. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात भुयारी रेल्वेतील आत्महत्यांच्या भडक बातम्या छापल्या जात. १९८७ मध्ये त्यासाठी वर्तमानपत्रांना मार्गदर्शक सूचना देण्यात आल्या, बातम्यांचा भडकपणा थांबला आणि तिथल्या आत्महत्यांत मोठी घट झाली. शब्द आणि चित्र जीव घेऊ शकतात, तसे वाचवूही शकतात.

‘शेतकरी आत्महत्यांचा जिल्हा’ हे लेबलही पुन्हा चिकटवू नका. ज्या घरात असा मृत्यू झाला, त्या घरातली मुलगी हे पोस्टर वाचणार आहे. तिच्या आईचा किंवा कोणाही खऱ्या रुग्णाचा फोटो वापरायचा नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे उपचार घेणाऱ्याचा फोटो वा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. ‘वेडा’, ‘मेंटल’, ‘भित्रा’ हे शब्द नकोत. देव, करणी, ग्रहदशा यांची चित्रे तर आपल्या पोस्टरवर येण्याचे कारणच नाही. मांत्रिकाकडे गेलेला वेळ हा उपचाराचा बुडालेला वेळ असतो.

मग काढायचे काय? मदतीचे चित्र काढा. चुलीपाशी बसलेली सासू आणि ‘काहून गप्प आहेस बाई?’ असे विचारणारी शेजारीण. एसटीच्या बाकावर शेजारी बसलेले दोन मित्र. कापूस वेचताना बोलत असलेल्या बाया. विहाराच्या पायरीवर बसलेला मुलगा आणि त्याच्या शेजारी येऊन बसलेले काका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ताणाविषयी एक सचित्र मार्गदर्शिका काढली आहे. त्यात साध्या रेषाचित्रांतून पाच गोष्टी शिकवल्या आहेत: पाय जमिनीला टेकवून भोवतालाकडे लक्ष आणणे, मनातल्या विचारांच्या गळातून सुटणे, आपल्या मूल्यांप्रमाणे वागणे, स्वतःशी आणि इतरांशी दयेने वागणे, कठीण भावनांना जागा देणे. ही शिकवण आधी युगांडातल्या छावण्यांत राहणाऱ्या दक्षिण सुदानी निर्वासित स्त्रियांमध्ये तपासली गेली होती. ‘आनंदी राहा’ असे तीत कुठे नाही. मैत्री, करुणा आणि सजगता हे शब्द ज्यांच्या घरात रोजचे आहेत, त्यांना ती परकी वाटणार नाही.

ध्यानाविषयी मात्र एक सावधगिरी. रोजची दहा मिनिटांची आनापान साधना ताण कमी करायला मदत करते. पण तीव्र नैराश्य, भास होणे किंवा जगू नये असे विचार असताना ‘शिबिराला जा, बरा होशील’ असे सांगू नका. आधी डॉक्टर, मग त्यांच्या सल्ल्याने ध्यान. चालू असलेले औषध मनाने बंद करायचे नाही. आजारी भिक्खूची शुश्रूषा तथागतांनी स्वतःच्या हातांनी केली होती. आजाऱ्याला औषध देणे हाही धम्मच आहे.

दार दाखवा

पोस्टरचा खालचा तिसरा भाग मदतीसाठी राखून ठेवा. इथेच बहुतेक पोस्टर कमी पडतात. ‘मदत घ्या’ म्हणून थांबू नका, कोणाची आणि कशी ते लिहा.

टेली-मानस, क्रमांक १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. दिवसरात्र, मोफत, मराठीतही. फोनवर समुपदेशक बोलतात, गरज असेल तर तज्ज्ञांशी जोडून देतात. राज्याचा आरोग्य सल्ल्याचा क्रमांक १०४ आहे. जीवाला तातडीचा धोका असेल तर ११२ किंवा १०८.

गावातली आशाताई. २०१५ पासून राज्याने विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ राबवला, त्यात यवतमाळ होते. आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन झोप, भूक, मन याविषयी प्रश्न विचारत आणि गरजूंना पुढे पाठवत. त्यांच्याशी बोलणे सर्वांत जवळचे आणि सोपे आहे.

दवाखाना. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात मोकळेपणाने ‘झोप नाही, मन लागत नाही’ असे सांगा. यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सरकारकडून मानसिक उपचार मिळणे हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. ती कोणाची मेहरबानी नव्हे.

एक ओळ घरच्यांसाठीही हवी. समोरच्याला ‘तुला जगू नये असे वाटते का?’ असे सरळ आणि प्रेमाने विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही. उलट मनावरचे ओझे हलके होते. तो ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटे सोडायचे नाही, कीटकनाशके कुलपात ठेवायची आणि त्याला दवाखान्यात न्यायचे. श्रीलंकेत सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यावर आत्महत्यांचे प्रमाण खूप खाली आले. जीवघेणी वस्तू हाताशी नसली की तो कठीण क्षण निघून जातो आणि माणूस वाचतो.

भिंतीवर लावण्याआधी

कच्चे पोस्टर तयार झाले की ते आधी सरांना दाखवू नका. तीन जणांना दाखवा: एक आजी, एक शेतमजूर, एक दहावीचा विद्यार्थी. ‘कसे वाटले?’ असे विचारले तर सगळे ‘छान’ म्हणतील. म्हणून विचारा, ‘यात काय सांगितले आहे? हे वाचून तुम्ही काय कराल?’ आजी म्हणाली, ‘कोनीतरी डोकं धरून बसलं आहे’, आणि पुढे काही सांगू शकली नाही, तर पोस्टर पुन्हा करायचे. ती म्हणाली, ‘आशाताईले सांगा म्हनते हे’, तर झाले. मग आशाताई किंवा आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून मजकूर तपासून घ्या. क्रमांक स्वतः फोन लावून पाहा. एक चुकलेला आकडा म्हणजे बंद दार.

शेवटचा तपास पुढीलप्रमाणे:

• माथ्यावर आपल्या बोलीतले एक वाक्य आहे का?
• पहिला बाण, म्हणजे ताणाचे खरे कारण, कुठेतरी दिसते का?
• लाजवणारा शब्द किंवा मरणाचे चित्र चुकून राहिले आहे का?
• ‘दोन आठवडे’ ही खूण आणि १४४१६ हा क्रमांक दहा फुटांवरून वाचता येतो का?
• चौघांचीही नावे आहेत का, आणि चौघांनीही काम केले का?
• गटातल्या कोणाला स्वतःला मदत हवी होती, ती मिळाली का?

हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

पोस्टर कॉलेजच्या फलकावरच ठेवू नका. तिथे आठ दिवसांनी त्यावर दुसरा कागद लागतो. विहारात, आरोग्य केंद्रात, रेशन दुकानात, एसटी थांब्यावर, वसतिगृहाच्या जेवणघरात परवानगी घेऊन लावा. झेरॉक्स काढण्यापुरता काळा-पांढरा नमुनाही करा, म्हणजे खर्च कमी येतो. १० ऑक्टोबरनंतर चारच दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, धम्मदीक्षेचा दिवस येतो. १९५६ मध्ये याच तारखेला नागपूरला बाबासाहेबांनी लाखोंच्या मनावरचे शतकांचे ओझे उतरवले. त्या दिवशी विहारात सगळी वस्ती जमते. बुद्धवंदनेनंतर दहा मिनिटे या मुलांना द्या. त्यांना पोस्टर हातात धरून उभे राहू द्या, आणि ते कसे केले ते सांगू द्या.

त्या गर्दीत चार दिवस कोणाशी न बोललेले एखादे बाबा बसलेले असतील. पोस्टरवरचा आकडा त्यांना लक्षात राहील की नाही, सांगता येत नाही. पण आपली लेक ताणाविषयी चारचौघांत न लाजता बोलते आहे, हे ते ऐकतील. घरी जाताना वाटेत तिने विचारावे, “बाबा, उद्या आपण आशाताईकडे जाऊ का?”

जय भीम.